गुरुवारी दामूकाका कुठे होते?

हे लिहायचं की नाही, यात आठ महिने गेले. इथे येणारे अनुभव मी वाचते, आवडीने वाचते, पण खरं सांगू का... वाचताना मनात उत्तरं शोधत असते. हा अर्धवट झोपेत असेल, ही आधीच घाबरलेली असेल, त्याला मित्रांनी उल्लू बनवलं असेल. आमच्या घरचं वातावरणच तसं. आम्ही बौद्ध, कल्याण पूर्वेच्या चाळीत वाढलेलो, पप्पा वर्कशॉपमधून रिटायर झालेले. लहानपणी शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली, तर पप्पांनी मला समोर बसवून मिरची जळल्यावर सगळ्यांना ठसका का लागतो ते समजावलेलं. मी सात वर्षांची होते. तेव्हापासून भूत-बाधा-करणी यातलं काहीही मला कधी चिकटलं नाही, आणि आजही मी यातलं काही मानत नाही हे आधीच स्पष्ट करते. जे घडलं ते मात्र घडलं.

मी बेघरांच्या निवारा केंद्रात सोशल वर्कर आहे. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनी शाळेची इमारत, दोन हॉल, चाळीस खाटा. लोक विचारतात, "एवढे भिकारी सांभाळता तुम्ही?" मी सांगते, आमच्याकडे एक इलेक्ट्रिशियन आहे, आणि एक मावशी आहेत ज्यांनी तीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. भीक मागणारे फार थोडे. रस्त्यावर यायला खूप मोठं काही घडावं लागत नाही हो. एक आजारपण आणि एक सुटलेली खोली, बस.

दामूकाका आम्हाला मागच्या वर्षी गणपतीनंतर सापडले. पत्रीपुलाजवळ एका बंद टपरीच्या आडोशाला. डाव्या पायाला जखम, त्यात किडे झालेले, शुगर भयंकर वाढलेली. मी आणि आमचे केअरटेकर मोहसीनभाई — आम्ही दोघांनी उचलून त्यांना रिक्षात घातलं. वय असेल पंचावन्नच्या आसपास, दिसायचे सत्तरचे. नाव विचारलं तर "दामू". आडनाव नाही, गाव नाही. डॉक्टरांनी मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू केल्या, पाय हळूहळू भरत आला, जेवायला लागले. पण घर कुठे विचारलं की एकच उत्तर यायचं.

"घर पारला."

आम्ही फाइलवर लिहिलं — विलेपार्ले. फोटो तिकडच्या पोलीस चौकीत पाठवले, तिकडे काम करणाऱ्या एका संस्थेला पाठवले. एकदा मी स्वतः त्यांना घेऊन पार्ल्याला गेले. दिवसभर गल्लीगल्लीतून फिरवलं. ते प्रत्येक इमारतीकडे नुसते बघत राहिले आणि परतताना गाडीत रडले. "घर पारला... घर पारला." मी फाइलमध्ये लिहिलं, 'पार्ले येथे पत्ता आढळत नाही.' ही ओळ आठवली की अजून कानशिलं तापतात माझी. का, ते पुढे कळेल.

आता तो गुरुवार. जानेवारीचा महिना. काकांना आदल्या दिवसापासून कणकण होती. अकरा वाजता मी त्यांचं ड्रेसिंग करायला बसले. जखम साफ केली, गॉज ठेवला आणि बघते तर पट्टीचा रोल संपलेला. मेडिकलवाल्याकडून यायला अर्धा तास लागणार. माझ्याकडे स्कूटीवर तोंडाला बांधायची एक जुनी ओढणी होती, हिरवी, त्यावर पिवळे ठिपके. धुतलेलीच होती. तिची एक लांब पट्टी फाडली आणि गॉजवरून बांधली.

काका बघत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. "लगनाला चाललो का मी?"

"चला ना," मी म्हटलं, "नवरदेव शोभताय."

ते आडवे झाले. साडेअकराला मी बीपी घ्यायला गेले तर गाढ झोप. हाक मारली, हलवलं, गालावर पाणी लावलं... डोळा उघडेना. नाडी बरोबर, श्वास बरोबर, शुगर बरोबर. मी घाबरले नाही, पण डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मी एकनंतर येतोच आहे, दर अर्ध्या तासाने नोंद ठेवा. मोहसीनभाई खुर्ची टाकून त्यांच्या बाजूला बसले ते उठलेच नाहीत. बाराची नोंद माझ्या अक्षरात आहे, साडेबाराची आहे, एकची आहे. हॉलच्या एकुलत्या एक दाराशी माझं टेबल. हे एवढं बारकाईने का सांगतेय ते लक्षात येईल.

एक वाजून दहा मिनिटांनी काकांनी डोळे उघडले. मी ग्लास पुढे केला.

"पाणी घ्या काका."

"नको. आताच पिऊन आयलो."

"कुठून?"

"घरा गेलतो."

तापात बोलतायत, मला वाटलं. पण ते उठून बसले आणि बोलायला लागले. सरळ, स्पष्ट, न अडखळता — "दामोदर म्हात्रे. बाळकुम, गावदेवीच्या मागं. सी विंग, तिसरा माला, लिफ्टसमोर. दारान तुलस हाय, रंगाच्या डब्यान लावलेली." मग माझ्याकडे बघून, जणू मी त्यांची घरचीच आहे, "आयतवारी जावाचा हाय. तू चल."

मोहसीनभाई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. चार महिने ज्या माणसाने स्वतःचं आडनाव सांगितलं नव्हतं!

मला आनंदच झाला, दुसरं काही डोक्यात आलं नाही. गोळ्या लागू पडल्या, आठवण परत आली — आमच्या कामात असं होतं. मोबाईलवर मॅप उघडला. बाळकुमला गावदेवीच्या मागे रिडेव्हलपमेंटची एक इमारत होती, ए-बी-सी तीन विंग. सोसायटीच्या ऑफिसचा नंबर मिळाला, त्यांनी म्हात्र्यांचा नंबर दिला. शुक्रवारी सकाळी लावला. उचलला काकांच्या धाकट्या भावाने, रमेश म्हात्रे.

"कोण दामोदर?" ते म्हणाले. मग, "तो वारला. आमी त्याचं सगळं केलंय."

"ते माझ्यासमोर बसलेत, चहा पितायत."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न हाय. त्याच्याच पोरीचं. तिकरच्यांना आमी सांगून बसलोय, बाप नाय म्हणून. आता तुमी काय नवीन कारू नका." आणि फोन ठेवला.

असे फोन मी शेकड्याने केलेत. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. माणूस दारात उभा राहिला की तोंडातून तोच शब्द निघेल याची खात्री नसते. आमच्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या, घरच्यांची तयारी नसताना नेऊ नकोस. मी म्हटलं, दारातून परत पाठवलं तर माझ्याच हाताने परत आणीन, पण एकदा नेणार. ज्या माणसाला आपला पत्ता आठवला, त्याला तो पत्ता दाखवायलाच हवा. त्या "ठीक आहे" म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी ड्रेसिंग बदललं. पांढरी पट्टी बांधली. हिरवी पट्टी मी स्वतः दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली, आणि शनिवारी ती पिशवी गेली.

रविवारी सकाळी नऊला निघालो. मोहसीनभाईंच्या ओळखीची गाडी, पुढे ते, मागे मी आणि काका. पत्रीपूल ओलांडला, दुर्गाडीवरून कोन, मग भिवंडी बायपास. कशेळीच्या पुलावर आलो तसे काका ताठ झाले. काच खाली केली. "खारी," म्हणाले. "आमची खारी." वाऱ्यात नाक वर करून बसले. मला वाटलं, चला, सगळं आठवतंय.

पण बाळकुम नाक्यावर गाडी वळली आणि दोन्ही बाजूला टॉवर सुरू झाले, तसे ते आक्रसत गेले. गावदेवीचं देऊळ ओळखलं, हात जोडले. सोसायटीचं गेट समोर आलं तेव्हा मात्र माझा हात घट्ट धरला.

"हा नाय. हिता मी कवाच आयलो नाय."

"काका, तुम्हीच तर सांगितलंत. सी विंग, तिसरा मजला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वेडी मीच आहे. "मी? कवा?"

क्षणभर वाटलं, झालं, पार्ल्याचंच होणार पुन्हा. पण एवढं आलोय तर बेल वाजवूनच जाऊ म्हटलं. वॉचमनला सांगून आत गेलो. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं, आणि समोर पांढऱ्या रंगाचा वीस लिटरचा डबा. त्यात तुळस. मोहसीनभाई हळूच म्हणाले, "मॅडम... है तो सही."

मी बेल वाजवली. दार एका मुलीने उघडलं, चोवीस-पंचवीसची, केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. दचकली नाही, किंचाळली नाही. आत तोंड करून म्हणाली, "आई, आले गं!"

मग काकांच्या पायाकडे बघून तिने मला विचारलं, "हिरवी पट्टी होती ना? पिवळ्या ठिपक्यांची. बदलली का?"

...

मोहसीनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "इसको किसने बताया?" मी मान हलवली. हिरव्या पट्टीचं मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

आतून तिची आई आली, सुमनताई. हात पिठाचे. ती काकांसमोर उभी राहिली, पिठाच्याच हाताने त्यांचा चेहरा चाचपला आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. खुर्चीत बसवलं. स्वतः खाली फरशीवर बसली, त्यांच्या पायांशी. मुलीचं नाव काजल. तिने मला पाणी दिलं आणि स्वतःच सांगायला लागली.

"मॅडम, गुरुवारी माझी सुट्टी असते. आई कामावर गेलेली. एरवी दोघी बाहेर असतो, दाराला कुलूप. त्या दिवशी पावणेबाराच्या सुमाराला मी तुळशीला पाणी घालायला दार उघडलं, तर हे इथे लिफ्टच्या बाजूच्या पायरीवर बसलेले. चॉकलेटी स्वेटर, पायाला हिरवी पट्टी. मला वाटलं कोणी म्हातारं माणूस दमून बसलंय. म्हणाले, पाणी दे गं. मी ग्लास दिला. सगळं प्यायले. आणि मग विचारलं..."

ती टॉवेल सोडवून डावा कान चोळायला लागली.

"विचारलं, 'बायो, कान वाहतो का गं अजून?'"

लहानपणी तिचा डावा कान वाहायचा. काका तिला सायकलवर बसवून ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचे, वर्षभर. तिच्या मैत्रिणींनासुद्धा हे माहीत नव्हतं.

"मी म्हटलं, 'पप्पा?' तर म्हणाले, 'आयतवारी येतो. मॅडम आनतील.' मी आईला फोन लावायला आत पळाले. मोबाईल चार्जिंगला होता, अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. बाहेर आले तर फक्त ग्लास. रिकामा. जिने बघितले, खाली धावत गेले, वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, असं कोणी आत आलंच नाही आणि बाहेरही गेलं नाही."

मी काकांकडे पाहिलं. ते सुमनताईंच्या हाताला लागलेलं पीठ एका बोटाने पुसत होते. गुरुवारी पावणेबाराला हा माणूस माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर झोपलेला होता, आणि त्याला उठवायचा मी जिवापाड प्रयत्न करत होते.

तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधून रमेश म्हात्रे आले. उंच, धिप्पाड, रागाने लाल. "फोनवर सांगला व्हता ना तुमाला..." काकांनी मान वर केली.

"रम्या," ते म्हणाले, "घर पारला ना रं?"

तो एवढा मोठा माणूस दाराच्या चौकटीला टेकला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. "पारला, दादूस. पारला. आपुनच दिला ना पाराला. तू कुठं गेलतास..."

पारला. पाडला. घर पाडलं! यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो — गाडीची गारी, खाडीची खारी. तासाभरापूर्वी पुलावर मी ऐकलं होतं तरी माझी ट्यूब पेटली नव्हती. चार महिने हा माणूस आम्हाला रोज सांगत होता की त्याचं घर पाडलं, आणि आम्ही त्याला पार्ल्यात फिरवत होतो.

मग सगळं कळलं. नऊ वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली, काका घरी बसले, बोलेनासे झाले. त्याच वेळी गावठाणातलं जुनं घर बिल्डरला दिलेलं. सामान हलवण्याच्या गडबडीत ते घरातून निघून गेले. दोन-अडीच महिने कुठे होते कोणालाच माहीत नाही. परत आले तेव्हा घराच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं, आणि कुंपणावरच्या माणसाने त्यांना वेडा समजून हाकललं. हे रमेशकाकांना खूप नंतर एका टपरीवाल्याकडून कळलं. घरचे तोपर्यंत कळव्याला भाड्याने. ते यांना शोधत होते, हे त्यांना शोधत होते. पोलिसात तक्रार झाली, पोस्टर लागली, दोन वर्षं रमेशकाका दर रविवारी एकेका स्टेशनबाहेर जाऊन बघायचे. मग थांबले. माणूस थांबतोच. आणि सगळा वेळ दादूस वीस किलोमीटरच्या आत, कल्याणला पुलाखाली.

लग्नाचा विषय रमेशकाकांनीच काढला. "आता तिकरं काय सांगाचा?"

काजलने फोन उचलला. आमच्या सगळ्यांसमोर, स्पीकर न लावता, शांतपणे. "प्रणित, माझे पप्पा आलेत... हो, जिवंत आहेत. रस्त्यावर राहत होते. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलेलं, त्याची माफी मागते. संध्याकाळी आई-बाबांना घेऊन ये, समोर बोलू. नाही आलास तरी मी समजून घेईन." फोन ठेवून ती मला म्हणाली, "तीन दिवस मिळाले ना मॅडम मला. तीन दिवस मी आणि आई दुसरं काही बोललोच नाही. तुम्ही आज अचानक आला असतात, तर रमेशकाकाने दार लावलं असतं आणि मी... मी बहुतेक गप्प राहिले असते."

संध्याकाळी ती मंडळी आली. प्रणितच्या आईने काकांना दोन प्रश्न विचारले, एक तब्येतीचा आणि दुसरा, जेवलात का. लग्न ठरल्या दिवशीच झालं. मीही गेलेले. काकांना बँडचा आवाज सहन होईना म्हणून ते मोहसीनभाईंबरोबर बाहेर गाडीत बसले, आणि तिथे माझी नजर चुकवून दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. शुगर बघून मी दोघांनाही झापलं.

आता माझी तपासणी. मी सोडलेलं नाही. काका चोरून बाहेर गेले असतील? दार एक, दाराशी मी, खाटेशी मोहसीनभाई, आणि तापात त्या पायावर उभंही राहवत नव्हतं. नऊ वर्षांत कधीतरी भटकत बाळकुमला जाऊन नवी इमारत बघितली असेल? असू शकतं, पत्त्याचं उत्तर कदाचित तेच. पण ती तुळस सुमनताईंनी दिवाळीत लावली, तेव्हा काका आमच्याकडे खाटेवर होते. काजलला कोणी पढवलं? पट्टी फाडली अकराला, तिने पाहिली पावणेबाराला. आणि तिला नंतर कोणी सांगायचं तर ते मी किंवा मोहसीनभाईंनीच. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही, आणि पट्टी बदलणाऱ्या डॉक्टरांना हा पत्ताच माहीत नव्हता. स्वप्न म्हणावं, तर ग्लास रिकामा होता.

पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली, कागदावर वेळा लिहिल्या, माझ्या नोंदींचे फोटो मागवून बघितले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "माहीत नाही म्हणायला लाजू नकोस. फक्त उत्तर बनवू नकोस." म्हणून मी बनवत नाही.

गेल्या महिन्यात फॉलोअपला बाळकुमला गेलेले. काका खाली बाकावर बसलेले, नीट दाढी केलेली, अंगाने भरलेले. आता इमारत ओळखतात, वॉचमनशी भांडतातसुद्धा. गोळी देताना मी इतके दिवस टाळलेलं विचारून टाकलं.

"काका, त्या गुरुवारी तुम्ही इथे आलेलात?"

त्यांनी गोळी गिळली, पाणी प्यायलं, विचार केला.

"मी त रोजच येवाचो."

"रोज? पत्रीपुलाखाली होतात तेव्हापण?"

"रोज. दार बंद असाचा. त्या दिवशी पोरीनं उघरला."

मी गोळ्यांचं पाकीट मिटून पिशवीत ठेवलं. रोज म्हणजे कसं, कुठल्या रस्त्याने, आणि जे दार त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं त्या दारापर्यंत... मला माहीत नाही. कागदावरच्या वेळा अजून पप्पांच्या खिशात आहेत, आणि त्यांनाही माहीत नाही.